आतून लावायची कडी: मनोरुग्णालयातून गावात परत यायचं म्हणजे नेमकं काय

माझी फुई अकरा वर्षांनी घरी आली त्या रात्री आई ताटं घेत होती. फुई उठली, एक रिकामं ताट दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि भिंतीला लागून उभी राहिली. "बसा ना फुई," मी म्हणालो. ती बसेना. पुढे रांग नव्हती, पण ती रांगेतच उभी होती.

(खान्देशाबाहेरच्यांसाठी: फुई म्हणजे आत्या. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात अजून हाच शब्द चालतो.)

पुढचे आठ-दहा दिवस संध्याकाळचे सहा वाजले की ती गादीवर जाऊन बसायची, कारण तिकडे जेवण उरकून वॉर्डात जायची ती वेळ होती. मोरीत जायलाही परवानगी विचारायची. आणि खोलीचं दार आतून लावता येतं हे कळल्यावर दिवसातून चार-पाचदा आत जायची, कडी लावायची, काढायची, पुन्हा लावायची. आई घाबरली. आजार उलटला, असं आप्पांना वाटलं.

आजार उलटला नव्हता. तिला स्किझोफ्रेनिया आहे. कानात आवाज येणं, शेजारी आपल्याविरुद्ध कट करतात असं वाटणं, हे सगळं औषधांनी कधीच आवाक्यात आलं होतं. तिच्या केसपेपरवर कितीतरी वर्षं 'स्थिर' असा शेरा होता. आम्ही घरात बघत होतो तो आजार नव्हताच, इतकी वर्षं भिंतीआड राहिल्याचा तो परिणाम होता. जिथे उठायचं कधी, जेवायचं काय, दिवा कधी विझणार हे सगळं दुसरंच कुणीतरी ठरवतं, तिथे माणसाची ठरवायची सवयच मोडते. हात बांधून ठेवला की हाताचे स्नायू वाळतात, तसंच हे. त्यामुळे 'बरी झाली की घरी न्या' या वाक्यात एक मोठी गफलत आहे. बरं होणं आणि बाहेर राहता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं डॉक्टर करतात. दुसरं कुणी करायचं, हे आपल्याकडे बहुतेकदा ठरलेलंच नसतं.

महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. खान्देशात एकही नाही. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या माणसाला दाखल करायचं तर घर आणि वॉर्ड यांच्यामध्ये शेकडो किलोमीटर येतात. पहिल्या वर्षी नातेवाईक दोनदा भेटायला जातात, दुसऱ्या वर्षी एकदा, मग मोबाइल नंबर बदलतो. आमचंही तेच झालं, उगाच कशाला लपवा. 2019 मध्ये देशातल्या 43 सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हा तिथल्या सुमारे 36 टक्के लोकांचा मुक्काम एक वर्षाहून जास्त झालेला होता. सगळ्यांचा आजार हट्टी होता म्हणून ते तिथे होते असं नाही. बऱ्याच जणांच्या बाबतीत प्रश्न एवढाच होता, की न्यायला येणार कोण?

कायदा मात्र हा प्रश्न विचारूच देत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 हा मे 2018 पासून लागू आहे. त्याचं कलम 19 सरळ सांगतं, की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात सोयी नाहीत, एवढ्याच कारणावरून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. ज्यांना कुटुंबासोबत राहता येत नाही, त्यांना योग्य तो आधार आणि कायदेशीर मदत देण्याची जबाबदारी सरकारवर आहे. सरकारने काय काय उभं करायचं त्याची नावंही कायद्यात आहेत: हाफवे होम, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्यामधला मुक्काम; आणि आधारासह राहण्याची घरं. दाखल करण्यावरही मुदत आहे. स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसाला आधी 30 दिवसांपर्यंतच ठेवता येतं. त्यापुढे ठेवायचं असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मान्यता लागते, आणि तीही ठरावीक मुदतीपुरतीच. 'टाकून आलो' ही भाषा गावात अजून आहे, पण कायद्यात ती सोय उरलेली नाही.

घाई करून भिंतीबाहेर काढलं की काय होतं, याचा मोठा धडा अमेरिकेने घेतलेला आहे. 1955 च्या सुमारास तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. नवी औषधं आली, धोरण बदललं, रुग्णालयं रिकामी होऊ लागली. पण बाहेर घरं, दवाखाने, भेटीला येणारी माणसं हे काही पुरेसं उभं राहिलं नाही. कित्येक जण रस्त्यावर गेले, तुरुंगात गेले, आणि हजारो जण नर्सिंग होममध्ये. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटा खासगी दवाखाना; तिकडे म्हणजे म्हातारी, अंथरुणाला खिळलेली माणसं कायमची राहतात ती जागा. तिथे चाळिशीतली चालती-फिरती माणसंही वर्षानुवर्षं राहिली, कारण सरकारी पैसा त्या खाटेला मिळत होता, भाड्याच्या खोलीला नाही. शेवटी 1999 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या दोन महिलांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बाहेर राहू शकणाऱ्या आणि राहू इच्छिणाऱ्या माणसाला विनाकारण संस्थेत कोंडणं हा भेदभाव आहे. त्याच आधारावर इलिनॉय राज्याने 2010 मध्ये न्यायालयापुढे मान्य केलं, की नर्सिंग होममधल्या मानसिक रुग्णांची एकेक करून विचारपूस करू आणि ज्यांना जायचंय त्यांना घर मिळवून देऊ.

आपणही या खड्ड्यात पाय घातलाच. मनोरुग्णालयातून बरी झालेली माणसं भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवण्याचा प्रकार महाराष्ट्रात झाला, आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो ताबडतोब थांबवा असं सांगावं लागलं. भिंतीचा रंग बदलला म्हणजे पुनर्वसन झालं नाही.

मग चांगलं पुनर्वसन दिसतं कसं? चेन्नईच्या 'द बनियन' या संस्थेने 2015 मध्ये 'होम अगेन' नावाचं काम सुरू केलं. कल्पना अगदी साधी. साध्या वस्तीत भाड्याचं घर घ्यायचं, त्यात वर्षानुवर्षं रुग्णालयात काढलेल्या चार-पाच जणांनी मिळून राहायचं, सोबत एक मदतनीस. भाजी कुठली करायची, टीव्हीवर काय बघायचं, यावर भांडणं होतात, आणि तीच औषधासारखी लागू पडतात. हे काम पुढे आपल्या रत्नागिरीपर्यंतही आलं. कर्जतचे डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन दुसऱ्या टोकाने काम करते: रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणायचं, उपचार करायचे, गाव शोधून घरी पोचवायचं. त्या कामासाठी त्यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

भटकणाऱ्यांचं म्हणाल तर भुसावळ जंक्शनवर दोन तास बसा. गाड्या चारी दिशांनी येतात, आणि तिकीट, नाव, भाषा काहीच जवळ नसलेलं एखादं माणूस फलाटावर उतरलेलं दिसतंच. अशा माणसाला पोलिसांनी कोठडीत टाकायचं नसतं. संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं, बेघर असेल तर बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि घरचे शोधायचे, असं त्याच 2017 च्या कायद्याचं कलम 100 सांगतं. हे कलम स्टेशनवरच्या चहावाल्याला माहीत असलं तरी पुष्कळ काम होईल.

आता माझ्या मनातला मुद्दा. आपल्याकडे 'समाजात परत' याचा अर्थ 'घरच्यांमध्ये परत' एवढाच धरतात. तो नेहमी बरोबर असतोच असं नाही. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या संशोधकाने 1950 च्या दशकात रुग्णालयातून सुटलेल्या माणसांचा माग ठेवला. भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे गेलेल्यांपेक्षा आई-वडिलांकडे किंवा जोडीदाराकडे गेलेल्यांचा आजार जास्त प्रमाणात उलटला. पुढच्या अभ्यासांत कारण सापडलं: सतत टोचून बोलणं, राग, आणि तितकीच वाईट म्हणजे अति काळजी. जेवली का, झोपली का, गोळी दाखव, जीभ बाहेर काढ. आजार घरच्यांमुळे होतो असा याचा अर्थ मुळीच नाही. पण कानाला थोडी विश्रांती लागते, हे खरं.

आमच्या घरात आठव्या महिन्यात हेच झालं. आईचं चुकत नव्हतं. ती साठीची, घरात आप्पांचं मधुमेहाचं दुखणं, त्यात नणंदेला चोवीस तास डोळ्यांपुढे ठेवायचं. फुई रात्र-रात्र जागू लागली. झोप उडणं ही बहुतेकांच्या बाबतीत धोक्याची पहिली घंटा असते, आवाज त्यानंतर येतात. जिल्हा रुग्णालयातल्या सामाजिक कार्यकर्त्या ताईंनी विचारलं, "तुमच्या गल्लीत रिकामी खोली नाही का?" होती. दोन गल्ल्या सोडून आमचं जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर होतं, त्यात कपाशीची पोती पडलेली. पोती काढली, वीज जोडली, मोरी नीट केली. फुई तिथे राहते, डबा घरून जातो, मी सकाळी आणि शेजारच्या वहिनी संध्याकाळी चक्कर मारतात. शहरात याला मोठं नाव असेल. आमच्याकडे 'फुईचं घर' म्हणतात.

पण खोली सापडण्याआधी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. त्यातली औषधांची सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

मनोरुग्णालयात नर्स गोळी हातावर ठेवते. घरी कोण ठेवणार? आम्ही मिठाईच्या डब्यात सात खाने केले, वारांची नावं चिकटवली. दोन महिने बरं चाललं, मग गुरुवारच्या खान्यात सहा गोळ्या साठलेल्या सापडल्या. तिला गोळीने जडपणा येत होता आणि तोंडाने सांगवत नव्हतं. डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं. फ्लुफेनाझिनसारखं औषध तिळाच्या तेलात मिसळून कमरेच्या स्नायूत देतात. ते तिथून हळूहळू रक्तात उतरतं, दोन ते चार आठवडे पुरतं. रोजची कटकट गेली. मात्र हातपाय ताठणं, अस्वस्थ येरझारा, असे दुष्परिणाम दिसले तर डॉक्टरांना सांगायचं, मनानेच बंद करायचं नाही. क्लोझापिन नावाचं दुसरं औषध, इतर औषधं हरली तिथे कामाला येतं, पण ते सुरू केल्यावर पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. गावाजवळ ती तपासणी कुठे होते, हे डिस्चार्जच्या आधी विचारा, नंतर नको.

आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा मानसिक आजाराच्या औषधांकडे वेगळं लक्ष लागतं. स्किझोफ्रेनियाच्या कित्येक औषधांनी अंगाची उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी होते, उन्हाचा झटका लवकर बसतो. लिथियमचं तर आणखी नाजूक. उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजारात ते देतात. घाम जाऊन अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतात, आणि नेहमीचीच गोळी विषासारखी होते. जळगावच्या ओपीडीत आमच्या रांगेत भेटणारे रावेरकडचे एक काका मागच्या उन्हाळ्यात केळीच्या बागेत कामाला गेले, पाणी कमी प्यायले, कंबर दुखली म्हणून मेडिकलवरून डायक्लोफिनॅकची गोळी घेतली. अशा वेदनाशामक गोळ्यांनीही लिथियम वाढतं. दोन दिवसांत हात लटलट कापायला लागले, जुलाब, चालताना झोकांड्या, बोलणं जड. घरच्यांना वाटलं, प्यायले. त्यांच्या मुलीने डॉक्टरांना फोन केला म्हणून वेळेत रक्त तपासलं गेलं. ही लक्षणं दिसली की पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठायचा. आणि उन्हाळ्यात एकदम मीठ सोडायचा पथ्यवाला उपदेश लिथियमवाल्याने ऐकायचा नाही.

दुसरी गोष्ट कागद. अकरा वर्षांत फुईचं नाव रेशनकार्डातून निघालं होतं, बँकेचं खातं निष्क्रिय, आधार नव्हतंच. ज्याच्याकडे कागद नाही तो सरकारदरबारी माणूसच नाही. आधारनंतर अपंगत्व प्रमाणपत्र काढलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, 40 टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र असेल तर लाभ मिळतात. टक्के कसे काढतात याचं कुतूहल असेल तर, माणूस स्वतःची निगा किती राखतो, इतरांशी कसा वागतो, बोलणं किती समजतं, काम किती जमतं, हे बघतात आणि आजाराची वर्षं मिळवतात. त्या दिवशी फुईला उसनं अवसान आणून नीटनेटकं बोलायला लावू नका, ही चूक आम्ही केली आणि टक्के कमी पडले. दुसऱ्यांदा जावं लागलं. प्रमाणपत्र मिळाल्यावर तहसीलमधून संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येतो. रक्कम छोटी असते, पण स्वतःच्या खात्यात येते. पहिल्या महिन्याच्या पैशांतून फुईने चपला आणि एक चमेलीच्या तेलाची बाटली घेतली.

तिसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही, ती जमीन. फुईच्या सासरच्यांनी सोडलं, नवऱ्याने दुसरा संसार मांडला. माहेरच्या सातबाऱ्यावर तिचं नाव होतं, आणि आजोबा गेल्यावर भावकीतले दोघं-तिघं म्हणू लागले, "येडीले जमीन कशाले? हक्कसोड करी ल्या." तिला परत आणायला सगळ्यात जास्त विरोध कुणी केला, हे सांगायला नको. हिंदू वारसा कायद्याचं कलम 28 म्हणतं, की कुठल्याही आजारामुळे किंवा व्यंगामुळे वारसाहक्क जात नाही. आणि 2017 चा कायदा म्हणतो, की मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणी 'अस्थिर बुद्धीचा' ठरत नाही, ते फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकतं. हक्कसोडीच्या कागदावर सही घ्यायला येणाऱ्यांना हे दोन्ही ऐकवा. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत मदत मिळते.

नवस, भगत, अंगारे याबद्दल फार लिहीत नाही. जायचं त्याने जावं, पण गोळ्या बंद करून नको आणि साखळीने बांधून तर मुळीच नको. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या आश्रमाला आग लागली. साखळीने बांधलेले 28 जण पळू शकले नाहीत. साखळदंड घालणं आता कायद्याने बंद आहे.

संकटाचं नियोजन बरं असतानाच करावं. 'पुन्हा तब्येत बिघडली तर मला कुठे न्यायचं, कुठलं औषध चाललं होतं, कुठलं नको', हे लिहून ठेवायची सोय कायद्यात आहे, आणि आपल्या वतीने बोलणारा एक प्रतिनिधी नेमायचीही. फुईने मला नेमलंय. तिने घातलेली एकच अट अशी, की तिला न सांगता गाडीत बसवायचं नाही. पहिल्या वेळी लग्नाला चाललो म्हणून नेलं होतं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावं सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे. डॉक्टरांइतकंच तिथल्या सामाजिक कार्यकर्त्यांना गाठा, खोली आणि कागद यांची वाट त्यांनाच ठाऊक असते.

सध्या आमच्याकडे एकच वाद चालू आहे, तो काडेपेटीचा. थंडी पडली, बाजारात भरिताची वांगी आली, आणि फुईला धाब्याच्या घरासमोर कपाशीच्या काड्यांवर स्वतः वांगी भाजायची आहेत. आई म्हणते, विस्तव नको. आप्पा काहीच म्हणत नाहीत. मी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मनोरुग्णालयात येण्याआधी ती रोज चूल पेटवत होती ना? पहिल्यांदा तुम्ही शेजारी बसा." रविवारी बसलो. वारा होता, तीन काड्या वाया गेल्या. चौथी पेटली तेव्हा तिने काडेपेटी पदरात बांधली आणि मला म्हणाली, "तू जाय घर, माले येस." (मला येतं.)